चिलापीचा पाहुणचार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
थाळी : ३१ सेंटिमीटर

दादीची जर्मनची थाळी आज मी बिघडवली. अर्धी काळी रंगवली, अर्धी पांढरी. अब्बांनी मधोमध भोक पाडून दोरी ओवून दिली आणि दोरीवर मापाच्या खुणा केल्या. ही थाळी तळ्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथे खूण वाचायची. जितकी खोल जाऊन दिसते तितकं पाणी स्वच्छ. आमच्या तळ्यात आज ती एकतीसवरच गायब झाली. फेब्रुवारीतच ही गत!

दादी म्हणाली, "जेवायची थाळी पाण्यात बुडवायला शिकलीस व्हय गं पाच वर्षं?"

चार वर्षं. दादी नेहमी एक वाढवून सांगते, म्हणजे शिक्षण जास्त वाटतं.

बोरखडीच्या पाझर तलावात जाळीचे सहा पिंजरे आहेत, प्रत्येकात दीड हजार चिलापी मासे. अकरा घरांच्या गटाने मिळून हा धंदा सुरू केला आणि मत्स्यविज्ञान शिकून आलेली म्हणून डिसेंबरपासून देखरेख माझ्याकडे दिली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पिंजऱ्यांचे पाइप अब्बांनी वेल्डिंग करून जोडले आहेत. ते सगळ्यांना सांगतात, "पिंजरा फारुकचा, अक्कल हुमेराची." मला लाज वाटते आणि आवडतंही.

तलावाच्या बांधाखाली सोमेश्वरकाकांच्या शेतात गावाची नळाची विहीर आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्याकडे पोचत नाही, त्यामुळे गावाचा सगळा जीव या तळ्यात. सोमेश्वरकाका आज बांधावर उभे राहून म्हणाले, "हुमेरा, पालकाची भाजी होऊन राहिली तळ्याची. नळाला वास येऊन राहिला. एक मेच्या ग्रामसभेत पिंजरे काढायचा ठराव मांडतो मी. तुझ्यावर राग न्हाई बरं का."

राग नसलेला माणूस जास्त भीतीदायक असतो.

७ फेब्रुवारी

रोगाचं मूळ सापडलं! खाद्य.

गट आजवर तांदळाचा कोंडा आणि सरकीची पेंड कालवून, भोकं पाडलेल्या गोणीत भरून पिंजऱ्यात टांगत होता. स्वस्त पडतं. पण निम्मं तर पाण्यात विरघळून तळाशी जातं. उरलेलं मासळी खाते, तरी कोंड्यातला आणि पेंडीतला बराचसा फॉस्फरस तिला पचत नाही, तो विष्ठेबरोबर पाण्यात येतो. शेतात खत टाकल्यावर पीक वाढतं तसं तळ्यात शेवाळ वाढतं. मग रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तरंगणारं खाद्य आणूया म्हटलं. त्यात पचायला सोपा फॉस्फरस मापात असतो, आणि वर तरंगतं म्हणून मासळीने किती खाल्लं ते डोळ्यांना दिसतं. महाग आहे, पण वाया जात नाही.

नेमसिंगकाका पिंजऱ्यांची राखण करतात आणि चारा टाकतात. ते शेवटी म्हणाले, "बाई, तू म्हणशील तसं. पण मासळीला इचारलं का?"

सगळे हसले. ठराव मात्र झाला.

१२ फेब्रुवारी
थाळी : ३० सेंमी

जवळा बाजारहून नव्या खाद्याचा टेम्पो आला. नेमसिंगकाकांनी गोणी उघडून मूठभर खाद्य हातावर घेतलं, हुंगलं. "हे तर मुरमुरे हायेत! मुरमुऱ्यावर कुणाचं पोट भरतं का?"

मी त्यांना डबा दिला. पिंजऱ्यामागे सकाळी एक डबा, संध्याकाळी एक. काठोकाठ नाही, खुणेपर्यंत. त्यांनी डबा उलटासुलटा करून बघितला. मोठ्या सासरच्या घरी लहान वाटी वाढायला दिली की सून जशी बघते, तसं.

मासळी मात्र वर उसळून आली. पाणी उकळल्यासारखं! मला इतका आनंद झाला की डबा टाकून झाल्यावर प्रत्येक पिंजऱ्यात माझ्या हाताने एकेक मूठ आणखी टाकली. हा माझा घास, आता रोज दोन्ही वेळेला. तो खाद्याच्या वहीत धरत नाही.

२६ फेब्रुवारी
थाळी : ३९ सेंमी

एकोणचाळीस! गाव औंढ्याला नागनाथाच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला गेलंय, सांगायला कुणीच नाही. म्हणून दादीला सांगितलं. ती म्हणाली, "उनचालीस क्या? मार्कां क्या?"

हो, मार्कच.

६ मार्च
थाळी : ४७ सेंमी

रमजान सुरू आहे. सेहरी करून फजरची नमाज झाली की थेट तळ्यावर जाते. अशी वेळ दुसरी नाही. पाण्यावर वाफ, पलीकडे बगळे, आणि नेमसिंगकाकांच्या झोपडीतून चुलीचा धूर.

आज बघितलं, त्यांची बायको, पारुबाई, शिळ्या भाकरीचा कुस्करा पिंजऱ्यात टाकत होत्या. मला बघून पदराने तोंड पुसत हसल्या. "दोनच भाकरी उरल्या व्हत्या, माय. लेकरं तोंड वासून येतात. जीव ऱ्हात न्हाई."

मला भरून आलं. कॉलेजात आम्ही मासळीला 'स्टॉक' म्हणायचो. इथे तिला लेकरू म्हणतात. आपल्या लोकांचं मन किती मोठं आहे, यावर कधीतरी लेख लिहायला हवा.

१५ मार्च
थाळी : ४४ सेंमी

परवा होळी झाली. नेमसिंगकाकांच्या बंजारा तांड्यावर रात्रभर होळीची लेंगी गाणी, डफ. काल संध्याकाळी तळ्यावर गेले तर काका पिंजऱ्याच्या फळीवर बसून पुरणपोळी तोडून तोडून टाकत होते. एकटेही नव्हते, तांड्यावरची सात-आठ माणसं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात एक पोळी.

मी विचारलं, "काका, हे काय?"

"पोळ्याला बैलाला पोळी देतो का न्हाई आपण? मंग होळीला मासळीनं काय घोडं मारलं? काम तर ती बी करून राहिली आपल्यासाठी."

एक दिवसाची गोष्ट. मासळीनेही मजेत खाल्ली.

थाळी तीन सेंटिमीटर वर सरकली याचं कारण कळत नाही. ऊन वाढलं म्हणून असेल.

२२ मार्च
थाळी : ४० सेंमी

कारण कळलं. युरिया! वरच्या अंगाच्या कापसाच्या शेतांतलं खत वाहून तळ्यात येत असणार. संध्याकाळी इफ्तारनंतर बसून कृषी अधिकाऱ्यांना दोन पानी पत्र लिहिलं. नकाशा काढला, बाण काढले.

अब्बांनी पत्र वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "बराबर लिहिलंस. फक्त एक सांग, खत वाहून यायला पाऊस कवा पडला?"

पाऊस ऑक्टोबरनंतर पडलेला नाही. कापूसही जानेवारीतच उपटला.

पत्र फाडलं. नकाशा चांगला आला होता, तो ठेवला.

१ एप्रिल
थाळी : ३६ सेंमी

काल ईद झाली. दादीने शीरखुर्म्याचं मोठं पातेलं केलं आणि अर्ध्या गावाला डबे गेले. सोमेश्वरकाकांच्या घरी मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या, मिशी पुसली आणि म्हणाले, "झकास. ठराव मात्र मांडणार."

नेमसिंगकाकांना मोठी बरणी दिली होती. आज रिकामी बरणी परत करताना ते म्हणाले, "आमी खाल्ला, सगळ्यांनी खाल्ला. सहाही पिंजऱ्यांला वाटून दिला. कुणी रुसायला नको."

मी हसले. नंतर घरी येताना थोडं चमत्कारिक वाटलं, पण सण होता. सणाच्या दिवशी कुणाला हात धरून थांबवायचं?

पाणी का बिघडतंय? गटातले लोक आता विचारायला लागलेत. नवं खाद्य महाग, आणि तळं पुन्हा हिरवं. मी चुकले असेन का? चार वर्षं शिकून एक तळं सांभाळता येत नसेल तर त्या चार वर्षांना अर्थ काय? हे कुणाला बोलता येत नाही, म्हणून इथे.

१० एप्रिल

आज वाढ मोजली. प्रत्येक पिंजऱ्यातून पन्नास मासे जाळीत घेऊन काट्यावर धरले. हिशोब तीनदा केला, तिन्हीदा तोच आला. एक किलो मासळी वाढायला आपण दिलं फक्त आठशे ग्रॅम खाद्य! पुस्तकात चांगल्यात चांगला पिंजरा सव्वा किलो खातो. आपला आठशे ग्रॅम!!

मी फळीवर नाचले. नेमसिंगकाकाही नाचले, कारण न विचारता.

सरांना फोन केला. ते कॉलेजात आम्हाला मत्स्य-आहार शिकवायचे. मी म्हटलं, "सर, यावर शोधनिबंध होईल का?"

त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, "हुमेरा, मासे दुसरं काय खातायत?"

"काहीच नाही, सर. मी खाद्याच्या वहीत सगळं लिहिते."

"वहीत आहे ते तू देतेस. वहीत नाही ते कोण देतं?"

मला वाईट वाटलं. खेड्यातल्या कामावर शहरातली माणसं लगेच शंका घेतात. नम्रपणे फोन ठेवला.

१३ एप्रिल
थाळी : २७ सेंमी

काल हनुमान जयंतीचा भंडारा झाला. दोन हजार माणूस जेवलं. संध्याकाळी सोमेश्वरकाका ट्रॅक्टर घेऊन तळ्यावर आले. मागच्या ट्रॉलीत उरलेला भात आणि बुंदीचे दोन टोपले. आम्ही सगळेच मदतीला धावलो. काका स्वतः परातीने भात टाकत होते, परात आधी कपाळाला लावून.

"मारुतीचा प्रसाद हाय. उकिरड्यावर टाकायचा का? मुक्या जिवाच्या पोटात जाऊ दे."

ठराव मांडणारा माणूस मासळीला प्रसाद देतो! मला वाटतं, त्यांचं मन बदलतंय. बरंचसं उरलं, ते नेमसिंगकाका आणखी दोन दिवस टाकतील. रात्री झोप चांगली लागली.

१५ एप्रिल, सकाळी ११
थाळी : २१ सेंमी

आत्ता कुठे लिहायला बसले.

पहाटे नेमसिंगकाकांचा फोन आला, "बाई, लवकर ये. मासळी तोंड वर काढून राहिली." गेले तर सहाही पिंजऱ्यांत सगळी चिलापी पाण्यावर तोंड उघडत होती. उड्या नाहीत, आवाज नाही, फक्त तोंडं. तिला हवा कमी पडत होती. काका म्हणाले, "भूक लागली असंल," आणि डबा उचलला. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडले.

पाणी हलवायला हवं होतं. अब्बा वेल्डिंगचं सामान टाकून आले. पण इंजिन आणलं सोमेश्वरकाकांनी. आपल्या कांद्याचं पाणी बंद करून डिझेल पंप ट्रॅक्टरवर घालून आणला, पाइप उंच धरला आणि तळ्याचंच पाणी उडवून पिंजऱ्यांवर पाडत राहिले. दोन तास. मध्येच म्हणाले, "हे बघ, पिंजरे काढायचे म्हंजे काढायचे. पण जित्ते काढायचे."

नऊ वाजता मासळी खाली गेली. त्रेचाळीस मेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मेलेल्यांपैकी दोन तपासायला घरी आणली. माझा हात चालेना, म्हणून दादीने विळीवर पोट उघडून दिलं. आत बघितलं आणि दादी थांबली.

भाताची शितं. आणि लाल, पिवळ्या बुंदीचे दाणे. साजूक तुपातले असावेत, अजून चकाकत होते.

दादी म्हणाली, "अगे, ये मछली तो अपने से अच्छा खाई गे."

मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. दादीने विळी धुऊन ठेवली.

१६ एप्रिल

ही रोजनिशी पहिल्या पानापासून वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. भाकरीचा कुस्करा, पुरणपोळी, शीरखुर्मा, प्रसाद. कौतुकाने लिहिलंय! आठशे ग्रॅमचं कोडं सुटलं. बाकीचं गावाने खाऊ घातलं. त्यातलं निम्मं मासळीच्या पोटात गेलं, निम्मं तळाशी जाऊन कुजलं.

मग माझी मूठ आठवली. पन्नास ग्रॅम. सहा पिंजरे, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला सहाशे ग्रॅम, दोन महिन्यांत छत्तीस किलो. गोणीपेक्षा जास्त. ज्या खाद्याचा फॉस्फरस मी मापून आणला, तेच मी बेमाप टाकलं.

नेमसिंगकाकांकडे गेले. चूक सांगितली, आधी माझी, मग त्यांची. ते हातातला डबा पुसत राहिले.

"मला डब्याचं समजतं, बाई," ते शेवटी म्हणाले. "पण समोर तोंड उघडं दिसलं की हात थांबत न्हाई. आमच्यात पाहुणा तीनदा नको म्हणंपर्यंत वाढतात. मासळी एकदा बी नको म्हणत न्हाई."

ती म्हणणारही नाही, हे मला कळलं. तिला समोर टाकाल तितकं ती खाते.

२१ एप्रिल
थाळी : २४ सेंमी

पाच दिवस खाद्य बंद ठेवलं. अब्बांनी पिंजरे ओढून खोल पाण्यात नेले. बांधावर पाटी लावली, "माशांना काही खाऊ घालू नये."

दुपारी पाटीखालीच कुणीतरी कणकेच्या गोळ्या ठेवून गेलं. टाकल्या नाहीत, ठेवल्या. मासळीने येऊन घ्याव्यात म्हणून की काय!

पारुबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी लेकरांना उपाशी मारतेय. सरांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, आता रोज मापून द्या, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नका. बरेच पिंजरेवाले असं करतात. पण हे इथे कसं सांगू? पाटी वाचून लोक रुसले. एक दिवस पूर्ण बंद म्हटल्यावर पारुबाई माझ्या दारात येऊन बसतील.

३० एप्रिल
थाळी : ३५ सेंमी

पाणी सुधारतंय, पण उद्याला हे पुरेल का? पस्तीस म्हणजे जेमतेम फेब्रुवारी. सोमेश्वरकाकांना गावात मान आहे. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी पंप आणला, त्यांच्याविरुद्ध मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर भंडाऱ्याच्या भाताचं नाव घ्यावं लागेल. भर सभेत प्रसादाला दोष?

नाही. माझ्या मुठीपासून सुरुवात करायची. एवढंच ठरवलं आहे.

१ मे, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सभा मारुतीच्या पारावर. सरपंच नर्मदाबाई मध्ये, ग्रामसेवक वही उघडून शेजारी. झेंडावंदनामुळे गर्दी होती. पिंजऱ्यांचा विषय आला तशी मी पाण्याचे तीन काचेचे ग्लास टेबलावर मांडले. पहिल्यात कोंडा-पेंडीचा गोळा टाकला, तो लगेच विरघळून पाणी गढूळ झालं. दुसऱ्यात तरंगणारं खाद्य, ते वर राहिलं. तिसऱ्यात बुंदीचा लाडू.

लाडू फुटला, पाणी लाल-पिवळं झालं, वर तुपाची साय आली.

मी म्हटलं, "चांगलं खाद्य आणलं म्हणून मी निवांत झाले. पण चांगलंही मापाबाहेर गेलं की तेच होतं. मी स्वतः दोन महिन्यांत छत्तीस किलो खाद्य वहीत न लिहिता टाकलं. प्रेमाने. तळं हिरवं करायला पहिला हात माझा."

सोमेश्वरकाका तिसऱ्या ग्लासाकडे बघत होते. म्हणाले, "हा कुणाचा हाय ते समजलं मला. पुढं बोल."

मग मी रोजचं माप सांगितलं, आणि डोळे मिटून बोलून टाकलं, की आठवड्यातून एक दिवस मासळीला काहीच द्यायचं नाही. त्याने तिचं पोट साफ राहतं आणि पाणी निवळतं.

पारुबाई उठल्याच. "काहीच न्हाई? दिसभर?"

"व्हय, मावशी. दिवसभर."

"म्हंजे उपास?" मागून प्रेमदासबाबांनी विचारलं. ते गावातले सर्वांत म्हातारे, भजनी मंडळाचे. "मंग तसं सांग की. बंद काहून म्हणतीस? उपास धरायचा हाय तिला. कोणत्या वारी?"

मी म्हटलं, कोणत्याही वारी चालेल. हे मी बोलायला नको होतं.

"शनिवार," प्रेमदासबाबा म्हणाले. "मारुतीचा प्रसाद खाल्ला तिनं."

"सोमवार!" दुसरीकडून कुणीतरी. "नागनाथाच्या तालुक्यात राहून शनिवार?"

दादी बायकांत बसली होती. ती म्हणाली, "जुम्मा बी चांगला दिवस हाय."

"एकादशी धरा."

"पंधरा दिवसांतनं एक? बाई आठवड्याला म्हणून राहिली."

"साबुदाणा चालंल का?"

"अरे, साबुदाण्यानं तर अजून गढूळ हुईल!"

"मंग निर्जळी धरा."

"निर्जळी कशी धरंल? पाण्यातच हाय ती!"

पाऊण तास! मी मध्ये दोनदा फॉस्फरसबद्दल बोलायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही. नेमसिंगकाकांना विचारलं गेलं, कारण चारा तेच टाकतात. ते उभे राहून म्हणाले, "सोमवार बरा. रविवारी बाजार असतो, लोकं मासळी बघायला येतात, जाता जाता काही ना काही टाकतात. दुसऱ्या दिवशी पोटाला आराम." याच्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्मदाबाईंनी हात वर करायला सांगितले. सोमवार ठरला. उपासाच्या दिवशी कुणी काही टाकलं तर त्याने पारावर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, हेही ठरलं. ते पारुबाईंनी सुचवलं.

ग्रामसेवकाने लिहून घेतलं. मग पान उलटून विचारलं, "सोमेश्वरराव, पिंजरे काढायचा तुमचा ठराव घ्यायचा ना?"

मी ओढणीचं टोक घट्ट धरलं.

सोमेश्वरकाका वैतागून म्हणाले, "अहो, आत्ता उपास लावून दिला गावानं तिला. आता काय घरातनं हाकलून देता? माणुसकी हाय का न्हाई?" आणि मग माझ्याकडे वळून, "नळाला वास आला तर मात्र बघ."

ग्रामसेवकाने वही मिटली.

पिंजरे राहिले. फॉस्फरस कुणालाच कळला नाही, मला वाटतं. मी नीट समजावू शकले नाही याची रुखरुख आहे.

घरी येताना नेमसिंगकाका मागून गाठायला आले. फार गंभीर होते. म्हणाले, "बाई, एक इचारायचं राहिलं. सोमवारी ती उपाशी, अन् मी तिच्यासमोर फळीवर बसून भाकर खाऊ, बरं दिसतं का? मी बी धरू म्हणतो."